चिमणराव : एक की तीन?

चि. वि. जोशी यांच्या चिमणरावास आजवर निदान तीन अवतार घ्यावे लागले. पहिला ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ (1933) मधला. दुसरा मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ (1940) व ‘सरकारी पाहुणे’ (1942) या बोलपटांतला, दामुअण्णा मालवणकरांच्या तिरळ्या नजरेचा. तिसरा 1970 च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला. मुंबईचे ते प्रक्षेपण रायपुरास पोचत नसे. त्यामुळे इकडे पुस्तकातल्या चिमणरावाचाच शब्द प्रमाण राहिला.

हे तिघे एकच गृहस्थ काय? चेहरे जुळत नाहीत, ही तक्रार आम्हांस क्षुल्लक वाटते. खरी विसंगती निराळीच आहे. पुस्तकात चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतो, आणि तीही मोठ्या व्यवहारदक्षतेचा आव आणून. त्याला न उमगलेली गोष्ट त्याच्याच वाक्यातून वाचकास उमगते. पुण्याचा हा संसारी जीव जोशींनी बडोद्याच्या नोकरीत राहून रंगविला. कदाचित त्या अंतरामुळेच हे साधले असावे. पडद्यावर तो समोरून दिसू लागताच उरतो भित्रा कारकून. (हे समीकरण आम्हां कारकुनांस जरा झोंबतेच!) बलदंड गुंड्याभाऊची मात्र काहीच हानी होत नाही, कारण पुस्तकातही तो बाहेरूनच दिसतो, बाळ कर्वे त्या भूमिकेत इतके चपखल बसले ते यामुळेच. प्रभावळकरांनी चेहऱ्यावर तो अकारण आत्मविश्वास आणून निवेदकाची उणीव पुष्कळशी भरून काढली. मालवणकरांचा चिमणराव अधिक हसवतो, पण तो आपली हकीकत सांगू शकेल असे वाटत नाही.