दोन गिटार, एक षड्ज : ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ तपासून ऐकताना

आपण इथे नेहमी एखादा शोधनिबंध घेतो आणि त्याचा दावा काय, पुरावा काय आणि दोन्हींच्या मध्ये किती जागा रिकामी राहते ते बघतो. आज तेच काम एका ध्वनिमुद्रिकेवर करायचं आहे. विषय आहे दोन गिटारींची जुगलबंदी. एक उभी धरलेली साधी अकूस्टिक गिटार, दुसरी मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीने वाजवायची गिटार, आणि दोघांनी आधी काही न ठरवता वाजवलेलं.

संगीतातली पदवी माझ्याकडे नाही, मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे. पण ही मुद्रिका संशोधनाची तयारी करणाऱ्याने ऐकावी असं मला वाटतं. मुलाखतीत ‘आंतरविद्याशाखीय सहकार्य’ हा शब्द आपण सगळेच फेकतो. दोन वेगळ्या शाखांची माणसं एकत्र बसली की नेमकं काय होतं, हे इथे चाळीसेक मिनिटांत कानांनी तपासता येतं.

दावा काय आहे

अमेरिकेचे राय कूडर आणि जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांनी १९९२ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या एका चॅपलमध्ये हे वादन केलं. ‘वॉटर लिली अकूस्टिक्स’ या छोट्या कंपनीने १९९३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. निर्माते होते कवीचंद्रन अलेक्झांडर. तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी आणि डुंबेक या अरबी तालवाद्यावर कूडरांचा किशोरवयीन मुलगा जोआकिम. एकूण चारच तुकडे. १९९४ मध्ये जागतिक संगीताच्या विभागात या मुद्रिकेला ग्रॅमी मिळाला.

तिच्याबद्दल जिथे जिथे वाचाल तिथे एक गोष्ट हमखास येते : मुद्रण सुरू झालं तेव्हा दोघांची ओळख होऊन तासही झाला नव्हता. सांगणाऱ्याचा सूर असा असतो की बघा, दोन अनोळखी माणसं भेटली, कुठलीही तयारी नाही, आणि संगीत आपोआप वाहू लागलं.

‘ओळख नव्हती’ ही नोंद आहे, ती मान्य. ‘तयारी नव्हती’ हा निष्कर्ष आहे. आणि नोंदीतून निष्कर्षावर उडी मारताना काय निसटतं, तेच आपल्याला बघायचं आहे.

आधी साधनं नीट बघू

डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणीजवळ आमचं नाकाडोंगरी. तिथे किंवा भंडाऱ्यातल्या कुठल्याही गावी भजनाला बसलात तर एक गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. पेटीचे सूर ठोकळ्यासारखे वेगवेगळे असतात, एका पट्टीवरून दुसरीवर बोट जातं आणि मधलं काही वाजतच नाही. गाणाऱ्याचा गळा मात्र त्या मधल्या जागेतूनच सरकत जातो. त्यालाच आपण मींड म्हणतो. पेटीला मींड जमत नाही, या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० पासून जवळपास तीन दशकं पेटीला बाहेर ठेवलं होतं.

साधी गिटार ही पेटीच्या जातीची. मानेवर पडदे ठोकलेले, सूर ठरलेले. तारेवर बोटाऐवजी गुळगुळीत नळी किंवा कांडी ठेवली की पडदे निरुपयोगी होतात आणि गिटार गळ्याच्या जातीची होते.

हे करायच्या दोन रीती आहेत. कूडर गिटार नेहमीसारखी धरतात आणि एका बोटात नळी घालतात, त्यामुळे बाकीची बोटं मोकळी राहतात. भट्ट गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि डाव्या हातात कांडी धरतात. तिथे बोटाने तार दाबायचा प्रश्नच येत नाही. त्यांनी आपल्या वाद्याला ‘मोहनवीणा’ हे नाव दिलं आहे. विसेक तारांच्या या गिटारीवर सूर वाजवायच्या तारा मोजक्या, काही षड्ज-पंचम धरून ठेवणाऱ्या, आणि बाकी तरफेच्या. तरफेच्या तारा कोणी छेडत नाही. त्यांच्या कंपनसंख्येचा सूर वाजला की अनुनादाने त्या आपणच थरथरतात. तो सूर आपल्याच वाद्यातून आला की शेजारच्या, हे भौतिकशास्त्राला विचारायची गरज पडत नाही. पुरेशी ऊर्जा पोचली की तार हलते.

दोन सेंटिमीटरचा गंधार

आता थोडं गणित. घाबरू नका, बारावीचं आहे. ६५ सेंटिमीटरची मोकळी तार षड्ज देते असं धरा. कांडी वरच्या टोकापासून १०.८ सेंटिमीटरवर ठेवली की ६:५ हे गुणोत्तर मिळतं, म्हणजे शुद्ध मोजणीचा कोमल गंधार. १३ सेंटिमीटरवर ठेवली की ५:४, म्हणजे शुद्ध गंधार. मध्ये उरले सव्वादोन सेंटिमीटरसुद्धा नाहीत.

पडद्यांच्या गिटारीत या पट्ट्यात दोनच मुक्काम, तेही जरा बाजूला सरकलेले : एक १०.३ वर, दुसरा १३.४ वर. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूजचा जीव मात्र याच मधल्या जागेत आहे. तिथला गंधार धड कोमल नसतो, धड शुद्ध नसतो, तो हलत राहतो. आणि आपल्याकडे आंदोलन, मींड, गमक हे सगळं अशाच जागांमधलं काम आहे.

भट्ट पंडित रविशंकरांचे शिष्य. कूडरांनी ब्लूजच्या जुन्या स्लाइड-वादकांचा अनेक वर्षं पाठपुरावा केलेला. १९८४ च्या ‘पॅरिस, टेक्सस’ या चित्रपटासाठी त्यांनी ब्लाइंड विली जॉन्सनच्या १९२७ च्या रचनेवरून संगीत उभं केलं होतं. म्हणजे १९९२ मध्ये चॅपलमध्ये समोरासमोर बसले ते दोन अनोळखी लोक खरे, पण त्या दोन सेंटिमीटरांवर दोघांनीही निम्मं आयुष्य घालवलं होतं.

ओळख वाद्यांची आधीच होती

आणखी मागे जाऊ. मांडीवरची ही गिटार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हवाई बेटांवर रुजली. तिचं श्रेय बहुधा जोसेफ केकुकूला देतात. हवाईचे वादक ताऊ मो १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिले आणि वाजवत होते. आपल्याकडे ‘हवाईयन गिटार’ हा शब्द घरोघरी पोचला. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी याच वाद्यावर राग वाजवून दाखवला.

पण तारेवर काहीतरी सरकवून वाजवणं आपल्याला हवाईहून शिकावं लागलं नव्हतं. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात एकतंत्री वीणेचं वर्णन आहे. ती बांबूची लहान पट्टी तारेवर सरकवून वाजवत. देवगिरी म्हणजे आजचा दौलताबाद. विचित्रवीणा आणि दक्षिणेतलं गोट्टुवाद्यम याच कुळातली. तेव्हा ‘पूर्व आणि पश्चिम प्रथमच भेटले’ छापाची वाक्यं या मुद्रिकेबद्दल वाचलीत तर बाजूला पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा.

मुद्रिका कुठे जमते, कुठे अडते

पहिले तीन तुकडे, ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’, ‘लाँगिंग’ आणि ‘गँजेस डेल्टा ब्लूज’, एकाच हुशार अटीवर उभे आहेत : षड्ज हलवायचा नाही. ब्लूजमध्ये एकाच स्वराच्या आधारावर फिरायची परंपरा आहे, रागसंगीतात तर तो पायाच आहे. जमीन एक ठरली की नकाशा ठरवावा लागत नाही. न बोलता झालेला हा करार आहे, आणि तोच या मुद्रिकेचा खरा प्रयोग-आराखडा आहे.

त्यात दोघांचे स्वभाव छान दिसतात. भट्टांकडे वेग आहे, तानांची लड सुटली की थांबत नाही. कूडर दोन-तीन सूर टाकतात आणि त्यांना मरेपर्यंत वाजू देतात. माझ्या मते कूडरांचं मोठेपण या कमी वाजवण्यात आहे. समोरचा आपल्यापेक्षा वेगात जातो हे कळल्यावर शर्यत लावायचा मोह ते टाळतात. भट्टही त्या रिकाम्या जागा भरून टाकायची घाई दरवेळी करत नाहीत.

तक्रार इथेच आहे. हा सगळा व्यवहार फार सभ्य आहे. एकाने ओळ म्हणायची, दुसऱ्याने आपल्या उच्चारात परत करायची. आपल्याकडे कलगी-तुऱ्यात सवाल टाकणारा समोरच्याला अडचणीत आणायला टाकतो. इथे अडचणीत कुणी कुणाला आणत नाही. ‘गँजेस डेल्टा ब्लूज’ हे नावच चतुर आहे, दोन नद्या एका ओळीत. पण ऐकताना मला वाटत राहतं की दोघं आपापल्या काठावरून एकमेकांना हात करताहेत. पाण्यात अजून कुणी उतरलेलं नाही.

तिसऱ्याच्या घरी

म्हणून माझ्यासाठी ही मुद्रिका शेवटच्या तुकड्यावर तोलली जाते. ‘ईसा लेई’ हे फिजी बेटांवरचं निरोपाचं गाणं. ते ब्लूज नाही आणि रागही नाही. त्याची चाल साधी, पण खाली स्वरमेळ बदलतो, म्हणजे पायाखालची जमीन हलते.

भट्टांसाठी ही खरी अडचण आहे. त्यांच्या वाद्याचा आधार एकाच षड्जाला बांधलेला, तो स्वरमेळाबरोबर सरकू शकत नाही. कूडरांना स्वरमेळ सवयीचा, पण इथे त्यांना ब्लूजचा हलता गंधार फारसा उपयोगी नाही, चाल सरळ म्हणावी लागते. म्हणजे दोघांनाही आपली सगळ्यात धारदार हत्यारं बाहेर ठेवावी लागतात. भट्टांच्या ताना आखूड होतात, कूडर चालीला चिकटून राहतात. विद्वत्ता सगळ्यात कमी इथे आहे आणि एकमेकांचं ऐकणं सगळ्यात जास्त. पहिल्या तीन तुकड्यांत एकाने दुसऱ्याला आपलं घर दाखवलं. इथे दोघंही पाहुणे आहेत, आणि पाहुणा जपून पाऊल टाकतो.

काही समीक्षकांना हा तुकडा शेवटचं गोड पान वाटू शकेल. माझं म्हणणं उलटं आहे. भेट झाली ती इथेच.

दोन तुलना

एक, ‘कॉल ऑफ द व्हॅली’. १९६० च्या दशकाच्या अखेरीची ही मुद्रिका : शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, काब्रांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. मेंढपाळाच्या एका दिवसाची गोष्ट, अहिर भैरवपासून पहाडीपर्यंत क्रम आधी ठरलेला. तिथे आखणी उघड आहे, आणि त्यामुळे संगीत एका अंशानेही कमी खरं होत नाही. आखणी लपली की आपण तिला ‘उत्स्फूर्त’ म्हणतो, एवढाच फरक.

दुसरी तुलना जरा लांबची. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यावर ब्लाइंड विली जॉन्सनची तीच १९२७ ची स्लाइड गिटार आहे, आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. मींड दोन्हीकडे आहे, तबकडी एकच आहे, पण संवाद नाही. कुणी कुणाला ऐकलेलं नाही. आपल्याकडचे बरेचसे ‘संयुक्त प्रकल्प’ या तबकडीसारखे असतात : एक प्रकरण या प्रयोगशाळेचं, एक त्या, आणि बांधणी एकत्र.

ऐकायची पद्धत

शक्य असेल तर मुद्रिका तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त हे नोंदवा की नवी ओळ कोण सुरू करतं. दुसऱ्यांदा फक्त गंधार पकडा, तो कुठे थांबतो आणि कुठे हलत राहतो. तिसऱ्यांदा फक्त शांतता मोजा, म्हणजे एकाने सोडलेली जागा दुसऱ्याने किती वेळ मोकळी ठेवली. मित्रालाही स्वतंत्रपणे नोंदी करायला सांगा आणि मग ताडून बघा. दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत तर तुमच्या व्याख्या ढिल्या आहेत, असं समजायचं. माझा ‘ईसा लेई’बद्दलचा दावाही असाच तपासा. तिथे मोकळ्या जागा वाढलेल्या दिसल्या नाहीत, तर माझं म्हणणं पडलं.

आणखी एक ध्यानात ठेवा. तासाभराच्या ओळखीवर वाजवलेल्या ज्या बैठका फसल्या, त्यांच्या मुद्रिका निघत नाहीत. आपल्या हातात येते ती जमलेली एक. तिच्यावरून ‘तयारी लागत नाही’ हा नियम काढणं म्हणजे पास झालेल्यांच्याच उत्तरपत्रिका वाचून परीक्षेबद्दल मत बनवणं.

दुसऱ्या शाखेतल्या मार्गदर्शकाला भेटायला जाणार असाल, तर तासाभरात काम जमू शकतं. फक्त त्या तासाआधी आपल्या दोन सेंटिमीटरांवर आपण किती वर्षं काढली आहेत, हे मोजून जा.