'ख्रिस्तपुराणा'तील श्रोता : ख्रिस्ती श्रद्धेच्या प्राथमिक शिक्षणाचा एक विचार

मराठीच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव येते ते बहुधा मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या मोजक्या ओव्यांमुळे. त्या ओव्या सुंदर आहेत, यात शंका नाही. परंतु १९०७ साली मंगळूर येथे प्रसिद्ध झालेल्या जोसेफ साल्ढाणा यांच्या आवृत्तीत 'ख्रिस्तपुराणा'च्या १०,९६२ ओव्या आहेत. एवढ्या मोठ्या ग्रंथाची ओळख भाषास्तुतीपुरती उरल्याने हा ग्रंथ कोणासाठी लिहिला गेला, हा मूलभूत प्रश्न समीक्षेत मागे पडला. 'ख्रिस्तपुराण' हा प्रथमतः नवदीक्षितांसाठी रचलेला ग्रंथ आहे. ख्रिस्ती श्रद्धेची मूलतत्त्वे नव्याने शिकणाऱ्या माणसाला नेमके काय अडते, याची जाण त्याच्या रचनेतच दिसते. या दृष्टीने त्याचे वाचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत त्यांचे बहुतेक कार्य साष्टी प्रांतात झाले. त्यांच्या नावावर नवशिक्यांसाठीची दोन पुस्तके आहेत. 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. 'दौत्रिना क्रिस्तां' हे कोकणीतील प्रश्नोत्तररूप पुस्तक त्यांच्या निधनानंतर १६२२ मध्ये तेथेच प्रसिद्ध झाले. मार्कुश जॉर्ज या पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरूने मुलांना शिकविण्यासाठी तयार केलेली संवादरूप धर्मशिक्षा हा या दुसऱ्या पुस्तकाचा आधार. एकच शिक्षक एकाच प्रांतातील लोकांसाठी एकच श्रद्धा दोन पद्धतींनी मांडतो, तेव्हा त्या दोन पद्धतींतील अंतर अभ्यासकाला बरेच काही सांगून जाते.

मार्कुश जॉर्ज यांच्या पुस्तकात गुरू विचारतो आणि शिष्य उत्तर देतो. म्हणजे नवशिक्याला स्वतःची शंका सुचण्याआधीच उत्तर पाठ असते. पाठांतराची ही पद्धत टाकाऊ म्हणता येणार नाही. ज्या समाजात ग्रंथ हाती नाही, तेथे जिभेवर बसलेले शब्दच माणसाचा आधार असतात, आणि आपल्याकडील परवचा-पाढ्यांच्या परंपरेला हे नवे नाही. तथापि याच पुस्तकावर आधारलेल्या सोळाव्या शतकाच्या अखेरच्या जपानी धर्मशिक्षेत भूमिका उलट केलेल्या आढळतात. तेथे शिष्य विचारतो आणि गुरू सांगतो. प्रश्न कोणाच्या तोंडी घालायचा, ही बाब त्या काळच्या धर्मशिक्षकांनाही गौण वाटत नव्हती, हे यावरून दिसते.

'ख्रिस्तपुराणा'त प्रश्न श्रोत्याचा आहे. साष्टीतील चर्चमध्ये रविवारी मुलांना धर्मशिक्षण दिले जात असताना एक ब्राह्मण श्रोता पाद्री-गुरूंपुढे आपली अडचण मांडतो आणि त्या अडचणीतून ग्रंथ सुरू होतो. पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आम्ही ऐकायचे काय, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. पाठ केलेली दौत्रिना त्याला पुरेशी वाटत नाही. त्याला कथा हवी आहे. पुढेही श्रोते मध्येच शंका काढतात आणि गुरू त्यांचे निरसन करतात. ही रीत पुराणांच्या वक्ता-श्रोता चौकटीतून आलेली असल्याने ऐकणाऱ्याला ती परकी वाटण्याचे कारण नव्हते.

ही कथेची मागणी केवळ करमणुकीची होती, असे मानणे चूक ठरेल. प्रश्नोत्तरी शिकविणारा कोणीही ज्या श्रद्धासूत्रापाशी येतो, त्याची रचना पाहावी. प्रेषितांच्या विश्वासांगिकारात स्वर्ग-पृथ्वीचा निर्माता असलेल्या देवाचा उल्लेख होतो आणि लगेच त्याच्या एकुलत्या पुत्राचा. आदामाचे पतन, पापाचा उगम, इस्राएलाचा इतिहास, संदेष्ट्यांची शतकानुशतकांची प्रतीक्षा यांपैकी त्यात एका शब्दानेही काही नाही. ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाला ही पोकळी जाणवत नाही. ती कथा त्याने आजीकडून ऐकलेली असते. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र तारणाऱ्याचे नाव सांगितले जाते, आणि कशापासून तारले हे सांगायचे राहून जाते. स्टीफन्स यांनी ग्रंथाचे संपूर्ण 'पहिले पुराण', म्हणजे छत्तीस अवस्वर, याच राहिलेल्या भागासाठी खर्च केले आहेत. येशूचा जन्म त्यानंतरच्या 'दुसऱ्या पुराणा'त येतो.

दुसरी पोकळी याहून लक्षणीय आहे. याच सूत्रात कुमारी मरियेच्या पोटी झालेल्या जन्मापाठोपाठ थेट पिलाताच्या अमलाखालील दुःखभोग येतो. मधले आयुष्य, शिकवण, दृष्टान्त, आजाऱ्यांना दिलेला स्पर्श, जेवणाच्या पंक्ती हे सारे दोन वाक्यांशांच्या मधल्या जागेत नाहीसे झाले आहे. 'दुसऱ्या पुराणा'चे एकोणसाठ अवस्वर ही जागा भरून काढतात. प्रस्तुत लेखकाच्या मते 'ख्रिस्तपुराणा'ची योजना समजून घेण्याची ही सर्वांत सोपी किल्ली आहे. स्टीफन्स यांनी आधीच्या पुराणांची नक्कल केली, हे विधान अपुरे आहे. सूत्र जेथे मौन पाळते तेथे नवशिका अडखळतो, हे ओळखून त्यांनी पुराणाचा ऐसपैसपणा वापरला आहे.

शब्दयोजनेतही हीच दृष्टी आढळते. गद्य प्रस्तावनेत स्टीफन्स स्पष्ट करतात, की शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे कठीण शब्द वगळून ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द मिसळले आहेत. स्वर्गासाठी ते निःसंकोच 'वैकुंठ' म्हणतात. परंतु त्रैक्यातील तिसऱ्या व्यक्तीसाठी 'स्पिरितु सांतु' हा आयात शब्दच ठेवतात. ही विसंगती मानावी काय? तसे वाटत नाही. श्रोत्याच्या मनात उत्तम लोकाचे चित्र आधीच होते. ते उसने घेऊन त्यात नवा अर्थ भरता आला. पवित्र आत्म्यासाठी तसे तयार चित्र नव्हते, आणि जवळचा म्हणून एखादा शब्द घेतला असता तर श्रोत्याला तो समजला असे वाटले असते, पण त्याने वेगळेच काही घेतले असते. नवशिक्याला काही शब्द अपरिचित वाटू देणे, हाही शिकविण्याचा भाग असतो.

येथवर ग्रंथाची जमेची बाजू पाहिली. तिला एक मर्यादा आहे आणि ती साहित्यबाह्य म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. श्रोत्याच्या पहिल्याच बोलण्यात जी बंदी येते, ती कल्पित नाही. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले, ते याच तणावात. अशा प्रदेशात नवशिका कथा मागतो, ती हिरावलेल्या कथेच्या जागी. त्याचे मागणे पर्यायाचे आहे, बंदीचा जाब विचारण्याचे नाही. श्रोत्याला प्रश्न बहाल केला आहे, पण त्या प्रश्नाची कड लेखकाने आखून दिली आहे. शेवटी हे सारे प्रश्न गुरूनेच लिहिलेले आहेत. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले, तेव्हा ज्या भाषेत ही कड थोडी सैल होती तीच गैरसोयीची ठरली.

गुरूने न लिहिलेला, नवशिक्याचा स्वतःचा प्रश्न वाचायचा असेल तर मराठी मुलखात एकोणिसाव्या शतकापर्यंत यावे लागते, आणि मग पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार टाळता येत नाही. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयीच्या शंका त्या सिस्टर जेराल्डिन व डोरोथिया बील यांच्याकडे मांडत राहिल्या. एका पुरोहितवर्गाचे जोखड प्रयासाने झुगारल्यावर तसलेच दुसरे मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. 'ख्रिस्तपुराणा'तील श्रोत्याला उत्तर मिळाले की त्याचे समाधान होते. रमाबाईंचे होत नाही. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, ख्रिस्त गवसला नव्हता. तो शोध पुढे चालू ठेवणाऱ्या याच बाईंनी नंतर संपूर्ण बायबल सामान्य स्त्रीला कळेल अशा सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले.