इंग्रजीचे मास्तर आणि विद्यार्थ्याचें भवितव्य : जॉइसच्या एका कादंबरीविषयीं

जेम्स जॉइस या आयरिश कादंबरीकाराचें ‘ए पोर्ट्रेट ऑफ दि आर्टिस्ट अ‍ॅज ए यंग मॅन’ हें पुस्तक इ. स. १९१६ च्या अखेरीस न्यूयॉर्क येथें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून त्यावर जें विपुल लिहिलें गेलें आहे, त्यांतील बहुतेकांचा सूर एकच आहे : एका बुद्धिमान मुलानें घर, देश आणि धर्म या तिन्ही बंधनांतून आपली सुटका कशी करून घेतली, त्याची ही कथा. हें म्हणणें खोटें नाहीं. परंतु ज्या पुस्तकाचा फार मोठा भाग कॅथॉलिक पाद्र्यांच्या शाळेंत घडतो, त्यांतील शाळेकडे केवळ एक तुरुंग म्हणून पाहणें हा त्या पुस्तकावरहि अन्याय आहे. आमच्या मतें मुलाचें पुढें काय करावयाचें हें कोणी ठरवावें, आणि तें प्रत्यक्षांत कोण ठरवितो, हा या कादंबरीचा खरा विषय होय. आपल्या मुलांस कॉन्व्हेंटांत अथवा मिशनच्या शाळेंत घालून त्यांच्या पुढील दहा वर्षांचे आराखडे आंखणाऱ्या मराठी कुटुंबांस हा विषय परका वाटूं नये.

जॉइसचा जन्म १८८२ चा. वयाचीं सात वर्षें पुरीं होण्याआधींच तो क्लाँगोझ वुड या जेसुइटांच्या निवासी शाळेंत दाखल झाला. १८९१ सालीं बापाची सांपत्तिक स्थिति ढासळल्यामुळें त्यास तेथून काढावें लागलें, व १८९३ मध्यें फादर कॉन्मी यांच्या कृपेनें डब्लिनमधील बेल्व्हेडीअर शाळेंत त्यास फीवांचून प्रवेश मिळाला. कादंबरीचा नायक स्टीफन डेडॅलस याचा मार्ग जवळजवळ हाच आहे. जेसुइटांनीं आपली शिक्षणपद्धति १५९९ सालीं ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ या संहितेंत बांधून दिली. विद्यार्थ्यांत चढाओढ लावणें हा तिचा एक मुख्य आधार. कादंबरींत गणिताच्या तासाला वर्गाचे दोन पक्ष पाडून एकास यॉर्कचा पांढरा व दुसऱ्यास लँकॅस्टरचा तांबडा गुलाब दिलेला आहे, तो या पद्धतीचाच नमुना. आयरिश पोरांनीं इंग्लंडच्या राजघराण्यांतील यादवीचीं चिन्हें छातीवर लावून बेरजा कराव्या, यांतील विनोद जॉइस उलगडून सांगत बसत नाहीं. आणि तें योग्यच आहे.

या चढाओढीस आणखी एक बाजू होती, ती पैशाची. १८७८ च्या कायद्यानें आयर्लंडांत माध्यमिक परीक्षांची जी योजना सुरू झाली, तीप्रमाणें परीक्षेंत चमकणाऱ्या मुलांस रोख पारितोषिकें मिळत, आणि मुलांच्या यशाच्या मानानें शाळेस सरकारी अनुदान मिळे. म्हणजे हुशार मुलगा हा शाळेचा नुसता अभिमान नव्हता, उत्पन्नहि होता. जॉइसनें १८९४, १८९५ आणि १८९७ या सालीं अशीं पारितोषिकें मिळविलीं. कादंबरींत पारितोषिक व निबंधाचें बक्षीस मिळून स्टीफनच्या हातीं तेहतीस पौंड पडतात. त्यांतून तो घरच्यांस मेजवान्या देतो, नाटकें दाखवितो, कुटुंबांत कर्जाऊ पैसे देण्याची एक पेढीच उघडतो. आणि शेवटीं गुलाबी रंगाचा डबा संपतो व त्याच्या खोलीच्या भिंतीचा खालचा भाग अर्धवट रंगविलेला तसाच राहतो. निबंधाच्या बळावर घराचें दैन्य पालटूं पाहणाऱ्या पोराचें याहून बोलकें चित्र आमच्या वाचनांत नाहीं.

आतां मुख्य पात्राकडे येऊं. मिस्टर टेट हे स्टीफनचे इंग्रजीचे मास्तर. ते पाद्री नाहींत. पाद्र्यांच्या शाळेंत नोकरी करणारे गृहस्थ आहेत. आठवड्याचा निबंध हें स्टीफनचें सर्वांत मोठें काम. दर मंगळवारीं शाळेच्या वाटेवर दिसणाऱ्या बारीकसारीक गोष्टींवरून तो आपल्या निबंधाचें भविष्य वर्तवीत चालतो. अशाच एका मंगळवारीं टेट मास्तर भर वर्गांत त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतात कीं, या मुलाच्या निबंधांत पाखंड आहे. वर्ग चिडीचूप होतो. प्रश्न एका वाक्याचा असतो. आत्मा ईश्वराच्या अधिक जवळ जाण्याची शक्यताच नाहीं, असा त्या वाक्याचा अर्थ निघत होता. स्टीफन हळूच सांगतो कीं, पोहोंचण्याची शक्यता नाहीं असें आपणांस म्हणावयाचें होतें. जवळ जाणें आणि पोहोंचणें! मास्तरांचें समाधान होतें. तें निराळें, असें म्हणून ते वही परत देतात.

हा प्रसंग पाऊण पानाचाहि नाहीं. परंतु त्याचें वजन पाहावें. टेट मास्तरांनीं केलेली टीका धर्मशास्त्राच्या दृष्टीनें बरोबर आहे, आणि भाषेच्या दृष्टीनेंहि बरोबर आहे. एका क्रियापदानें मनुष्य आस्तिकांतून पाखंड्यांत जातो, हें मुलास या एका तासांत कळलें. शब्द तोलून वापरण्याची जी जवळजवळ आजारी म्हणावी अशी संवय पुढें जॉइसमध्यें दिसते, तिचा उगम शोधावयाचा तर तो येथें शोधावा. शिक्षकानें शिक्षा म्हणून जें दिलें, तें विद्यार्थ्यानें शिक्षण म्हणून घेतलें.

मात्र मास्तरांचें समाधान झालें तरी वर्गाचें झालें नाहीं. थोड्याच दिवसांनीं ड्रमकोंड्रा रस्त्यावर हेरन, बोलंड आणि नॅश हे तिघे स्टीफनला गांठतात. थोर कवि कोण, असा वाद निघतो. हेरन टेनिसनचें नांव घेतो, स्टीफन बायरनचें. बायरन पाखंडी होता, म्हणून तो थोर असूं शकत नाहीं, हा प्रतिपक्षाचा युक्तिवाद. आणि छडी व कोबीचा बुंधा हीं त्या युक्तिवादाचीं प्रमाणें. तारेच्या कुंपणावर रेटलें तरी मुलगा बायरनला नाकारीत नाहीं. येथें जॉइसची निरीक्षणशक्ति विलक्षण आहे. शिक्षकानें वर्गांत हंसत हंसत मागें घेतलेला शब्द रस्त्यावर मागें घेतला जात नाहीं. वर्गांतील ज्या उनाड व मठ्ठ पोरांनीं कविता कधीं गोडीनें वाचली नाहीं, त्यांस मास्तरांच्या तोंडचा ‘पाखंड’ हा एकच शब्द वाङ्मयसमीक्षेस पुरेसा झाला. (आपल्याकडेहि समीक्षेंत कोबीचा बुंधा अगदींच अपरिचित आहे असें नाहीं.)

येथें मात्र आम्हांस जॉइसविरुद्ध एक तक्रार नोंदवावयाची आहे. बेल्व्हेडीअरमधील इंग्रजीचे शिक्षक जॉर्ज डेम्प्सी यांच्यावरून टेट हें पात्र बेतलें आहे, हें सर्वमान्य आहे. १९५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या रिचर्ड एल्मनकृत जॉइस-चरित्रावरून दिसतें कीं, या पोराच्या डोक्यांत कल्पनांची रेलचेल आहे, हें प्रथम ओळखून वरिष्ठांस सांगणारे हेच गृहस्थ. आवडता वीर या विषयावर निबंध लिहावयाचा होता तेव्हां जॉइसनें युलिसीजची निवड केली. पुढें १९२२ सालीं त्याच नांवाची त्याची महाकादंबरी बाहेर पडली. त्याच्या शाळकरी निबंधांपैकीं बाह्य रूपावर विसंबूं नये या विषयावरील एक निबंध आजहि उपलब्ध आहे. त्याच्या माथ्यावर ‘ईश्वराच्या अधिकाधिक गौरवार्थ’ आणि तळाशीं ‘ईश्वराची सदैव स्तुति असो’ या अर्थाच्या लॅटिन वाक्यांचीं आद्याक्षरें जेसुइट शिरस्त्याप्रमाणें लिहिलेलीं आहेत. कादंबरींतला स्टीफनहि कविता लिहावयास बसतांना संवयीनें तींच पहिलीं अक्षरें कागदावर घालतो. अशा शिक्षकास कादंबरींत एक लहानसा प्रसंग, आणि तोहि आरोप करण्याचा! आपण कोणाचेहि शिष्य नाहीं, हें दाखविण्यासाठीं स्टीफनच्या कथेंतून ऋण वजा केलें आहे, असें आम्हांस वाटतें. कलेच्या दृष्टीनें ही काटछांट समर्थनीय असेल. न्यायाच्या दृष्टीनें नाहीं.

याच्या उलट ज्या प्रसंगास जॉइसनें चौथ्या प्रकरणांत भरपूर जागा दिली, तो शाळेच्या डायरेक्टरांचा. तिसऱ्या प्रकरणांतील नरकाच्या प्रवचनांविषयीं इतरांनीं पुष्कळ लिहिलें आहे, तें आम्ही सोडून देतों. त्या प्रवचनांनीं पश्चात्ताप पावलेला स्टीफन आतां आदर्श विद्यार्थी झालेला आहे. मेरीमातेच्या सोडॅलिटीचा तो प्रमुख आहे, जसा प्रत्यक्षांत जॉइसहि होता. डायरेक्टर त्यास बोलावून घेतात. ते खिडकीशीं उजेडाकडे पाठ करून उभे आहेत; चेहरा अंधारांत, हातांत पडद्याची दोरी, आणि बोलतां बोलतां त्या दोरीचा फांस करण्याचा चाळा. प्रथम कापुचिन साधूंच्या झग्याविषयीं थट्टा, मग हळूच मूळ विषय : अशा शाळेंत एखाद्या मुलास ईश्वराचें बोलावणें येतें, तुला तसें कधीं जाणवलें आहे काय? विद्यार्थ्याच्या भवितव्याची इतकी सौम्य, इतकी सभ्य आणि इतकी भयंकर आंखणी दुसरीकडे सांपडणें कठीण. डायरेक्टर खोटें बोलत नाहींत, धमकीहि देत नाहींत. मुलाचा जो गर्व आहे, त्यालाच ते हांक मारतात. स्टीफन क्षणभर मोहून जातो. आणि बाहेर पडतांच, गार्डिनर रस्त्यावरील जेसुइटांच्या घरावरून जातांना, यांतली कोणती खिडकी आपली होईल, असा विचार त्याच्या मनांत येतो. त्या थंड, शिस्तबद्ध खिडकीच्या कल्पनेनेंच बेत मोडतो. मुद्दा असा कीं, ज्यानें योजना आंखली त्याच्या हातून मुलगा सुटला. आणि ज्यानें कोणतीच योजना आंखली नाहीं, फक्त एका क्रियापदावर बोट ठेवलें, त्याचें काम त्याच्यांत आयुष्यभर टिकलें.

पांचव्या प्रकरणांत स्टीफन युनिव्हर्सिटी कॉलेजांत आहे. तेथील डीन हा इंग्रज जेसुइट. शेगडी पेटवितां पेटवितां तो त्याच्याशीं दिव्यांत तेल ओतण्याच्या नाळक्याविषयीं बोलतो. स्टीफन त्या वस्तूसाठीं ‘टंडिश’ हा शब्द वापरतो. डीननें तो कधीं ऐकलेला नाहीं. आयर्लंडांतला कांहींतरी ग्राम्य शब्द असावा, असें त्यास वाटतें. स्टीफनच्या मनांत त्या वेळीं जें येतें, तें इंग्रजी शाळेंत शिकलेल्या कोणाहि हिंदी वाचकास झोंबेल : ही भाषा आधीं याची आहे, माझी नंतर. पुढें तो कोश पाहतो, तों शब्द अस्सल जुना इंग्रजी निघतो. आम्हांस येथें फादर थॉमस स्टीफन्सची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. तोहि इंग्रज आणि तोहि जेसुइट. परंतु गोव्यांत येऊन त्यानें लोकांची भाषा आत्मसात केली, आणि १६१६ सालीं दहा हजारांहून अधिक ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ मराठींत छापविलें. डब्लिनच्या डीनला आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडची आपलीच भाषा ओळखतां आली नाहीं.

एका गोष्टीकडे टीकाकारांचें लक्ष त्या मानानें कमी जातें. डायरेक्टरांच्या भेटीनंतर स्टीफन घरीं येतो, तेव्हां त्याचीं भावंडें चहाच्या उरल्यासुरल्या पसाऱ्याभोंवतीं बसलेलीं असतात. घरमालकानें पुन्हां बाहेर काढल्यामुळें आईबाप दुसरें घर पाहावयास गेलेले. जें थोरल्याला मिळालें, तें या मुलांस मिळालें नाहीं, हें त्याच्या ध्यानांत येतें; पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नाहीं. इतकें सांगून कादंबरी पुढें सरकते. ‘युलिसीज’मध्यें १९०४ सालच्या जून महिन्यांतील त्या प्रसिद्ध दिवशीं स्टीफन स्वतः एका खासगी शाळेंत मास्तर झालेला आहे, आणि सकाळींच मिळालेला पगार त्याच्या खिशांत आहे. दुपारीं पुस्तकांच्या गाड्याशीं त्याला बहीण डिली भेटते. तिनें एक पेनी देऊन फ्रेंच भाषेचें फाटकें प्राथमिक पुस्तक विकत घेतलेलें आहे. फ्रेंच शिकावयाची आहे काय, असें तो विचारतो. ती लाजून मान हलविते. ही बुडते आहे, आणि हिला वांचवूं गेलों तर आपणहि बुडूं, असें त्याच्या मनांत येतें. तें पुस्तक थोरल्या बहिणीनें गहाण टाकूं नये म्हणून जपून ठेव, एवढें तो तिला सांगतो. पैसे देत नाहीं. ती तें पुस्तक कोणापाशीं शिकणार, हा प्रश्न ना तो विचारतो, ना जॉइस.