हैदराबादचा मुक्तिसंग्राम आणि एक तारीख

हैदराबाद-मुक्तीवरील आमच्या पाहण्यांतले बहुतेक मराठी ग्रंथ १७ सप्टेंबर १९४८ या दिवशीं मिटतात. हा दोष आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. एकतंत्री सत्ता कोसळली म्हणजे लोकसत्ता आली, असें त्यांत गृहीत धरलेलें असतें. वस्तुतः १९४९ च्या अखेरपर्यंत जनरल चौधरी यांचा लष्करी अंमल होता. लोकनियुक्त मंत्रिमंडळ १९५२ सालीं आलें. आणि मीर उस्मान अलीखान १९५० ते १९५६ राजप्रमुखपदीं विराजमानच होते! शरणागतीनंतरच्या हत्याकांडाविषयींचा पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल तर कित्येक दशकें अप्रकाशित राहिला. हीं वर्षें वगळून स्वामी रामानंद तीर्थांच्या चळवळीचें मोल कसें ठरवावें? ईजिप्तमध्यें २०११ सालीं लोकांनीं मुबारक यांस घालविलें, आणि २०१३ सालीं लष्करानें निर्वाचित अध्यक्ष मोर्सी यांस हटविलें. तेथील एखादा ग्रंथकार पहिल्या तारखेपाशींच थांबला, तर त्यास आपण इतिहासकार म्हणूं काय?

आमचें नेर वऱ्हाडांतलें, म्हणजे १९४७ पर्यंत कागदोपत्रीं निजामाचेंच. पैनगंगेपलीकडची गोष्ट आम्हांस परकी नाहीं. आमच्या संग्राहक मित्रांस मोडी सनद सांपडली कीं हर्ष होतो. मराठवाड्यांतील पहिल्या निवडणुकीची मतदारयादी मात्र ते वाण्याच्या पुडीला देतात.