पडद्यावरील वार्धक्य

दूरचित्रवाणी मालिकेत वय दाखवायचे तर केस पांढरे करावेत, खांद्यावर शाल द्यावी, एवढे पुरेसे मानले जाते. वस्तुतः वय हे वेशापेक्षा हालचालींच्या गतीत अधिक असते. रमेश सिप्पी यांच्या 'बुनियाद' (१९८६-८७) मालिकेच्या वेळी आलोकनाथ अवघ्या तिशीचे होते. तरी फाळणीपूर्वीचा तरुण हवेलीराम ते थकलेला घरधनी हा पल्ला त्यांनी गाठला. तेथे रंगभूषेला संथ देहबोलीची जोड होती आणि कॅमेऱ्याला थांबण्याइतकी सवड होती.

पुढे 'क्योंकि सास भी कभी बहू थी' (२०००-२००८) मालिकेत कथानकाने वीस वर्षांची उडी घेतली. नववधू तुलसी सासू झाली, आजीही झाली. काळ मात्र केशभूषा व साडी-दागिन्यांपुरताच उरला. कॅमेरा चेहऱ्यावर पुन्हापुन्हा झेपावतो, पण त्या चेहऱ्यावर साचलेली वर्षे दिसत नाहीत.

येथे प्रश्न तंत्रापलीकडे जातो. सुरकुती लपविणारा हा पडदा रोज संध्याकाळी घरात उजळतो, तेव्हा त्याच खोलीत आजी बसलेली असते. उंबरठा ओलांडायला तिला लागणारा वेळ ज्या कॅमेऱ्याला परवडत नाही, तो आपल्यालाही तिच्यासाठी न थांबण्याची सवय नकळत लावतो.