नारळीकरांच्या विज्ञानकथेतील मराठी

मराठी विज्ञानकथेची चर्चा बहुधा कल्पनेच्या नावीन्याभोवती किंवा विज्ञानाच्या अचूकतेभोवती फिरते. ती कथा कोणत्या मराठीत लिहिली गेली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) ह्यांच्या विपुल कथालेखनासंबंधी तर तो मुळीच टाळता येण्याजोगा नाही. कारण ह्या लेखनाचे बळ आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकाच ठिकाणी, त्याच्या भाषेत, सापडतात.

नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा. परंतु वडील काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असल्यामुळे त्यांचे बालपण बनारसेस गेले. शालेय शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, उच्च शिक्षण व संशोधन केंब्रिज येथे इंग्रजीतून. १९७२ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ साली पुण्याच्या ‘आयुका’चे संस्थापक-संचालक झाले. म्हणजे मराठी ही त्यांची घरची भाषा होय; शाळेने घडविलेली नव्हे, आणि कोणा एका गावाच्या बोलीने रंगलेलीही नव्हे. आईवडिलांच्या तोंडून ऐकलेली, प्रदेशापासून तुटलेली अशी ही मराठी आहे. त्यांच्या वाक्यरचनेचा विचार ह्या वस्तुस्थितीपासूनच सुरू व्हावयास हवा.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. ती ‘नारायण विनायक जगताप’ ह्या नावाने पाठविलेली होती. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे नाव बनविले होते, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. नावाचे वजन बाजूला ठेवून कथा कसास लागावी, हा त्यातील हेतू. केंब्रिजमधील त्यांचे गुरू फ्रेड हॉइल ह्यांनी १९५७ साली ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी प्रसिद्ध केली होती. संशोधकाने कथा लिहिण्यात कमीपणा नाही, हा दाखला शिष्यापुढे होताच.

त्यांचे वाक्य सामान्यतः आखूड असते. विशेषणांची रेलचेल नाही, अलंकारांचा सोस नाही. शास्त्रीय कल्पना बहुधा संवादातून उलगडते : एक पात्र विचारते, दुसरे समजावते. ललित गद्याच्या चाहत्यांना हे रूक्ष वाटते, आणि काही कथांत ते तसे आहेही. तिथे कथा आटोपून व्याख्यान सुरू होते. परंतु परिभाषेची त्यांची योजना मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. ‘कृष्णविवर’सारखी संस्कृत घडण, ‘व्हायरस’ आणि ‘टाइम मशीन’ हे सरळ उसने शब्द, आणि ‘यक्ष’, ‘वामन’, ‘भस्मासुर’ ही पुराणनामे असे तीन थर त्यांच्या शीर्षकांतच दिसतात. ह्यांतील तिसरा थर सर्वांत फलदायी ठरला आहे. ‘वामन परत न आला’ ह्या कादंबरीत प्राचीन प्रगत संस्कृतीच्या पुरलेल्या ज्ञानातून यंत्रमानव निर्माण होतो. लहान पावलाने आलेला पाहुणा सारे व्यापून टाकील, ही भीती शीर्षकातील एका नावाने वाचकाच्या मनात आधीच जागी केलेली असते. त्यासाठी टीप द्यावी लागत नाही.

मर्यादा दिसते ती पात्रांच्या बोलण्यात. ‘धूमकेतू’ कथेतील हौशी खगोलनिरीक्षक दत्तदा हा कलकत्त्याचा बंगाली गृहस्थ. परंतु तो, त्याची पत्नी आणि केंब्रिजचा शास्त्रज्ञ हे सारे जवळपास एकाच सुरात बोलतात. भाषांतरित संवादाचा संकेत म्हणून हे क्षम्य मानता येईल. पण मराठी पात्रांतही हा भेद फारसा उमटत नाही. अपवाद ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ह्या कथेचा. मराठे पानिपत जिंकले असते तर, ही तिची कल्पना. आणि त्या दुसऱ्या जगाचा पुरावा म्हणून उरते ते बखरीचे एक पान. इथे एका जुन्या गद्यशैलीवर साऱ्या कथेचा विश्वास टेकलेला आहे. हा प्रयोग पुढे त्यांनी क्वचितच वाढविला, ह्याची हळहळ वाटते.

नशिराबादच्या शाळेतील वाचक ह्या कथांपाशी कसा येतो, हे पाहिले म्हणजे प्रश्न अधिक स्पष्ट होतो. नशिराबाद–असोदे परिसरातील लेवा बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ‘डोळा’ तिथे ‘डोया’ होतो. कालप्रवासाच्या कथेतील मुख्य शब्द जो ‘काळ’, तो ह्या उच्चारात ‘काय’ ह्या प्रश्नाशी एकरूप होतो, ही गंमत लेखकालाही आवडली असती. ह्या वाचकाला पुस्तकी मराठी ही कमवावीच लागते. नारळीकरांचे निःप्रादेशिक, सोपे वाक्य त्याला पुणेरी वळणाच्या गद्यापेक्षा लवकर वश होते. बनारसच्या घरात जपलेली मराठी खानदेशातील मुलाला परकी वाटत नाही. मात्र ज्या असोद्यात बहिणाबाई चौधरी जन्मल्या आणि ज्या बोलीत त्यांनी जगण्यामरण्याचे गहन प्रश्न मांडले, त्या बोलीत बोलणारा माणूस ह्या कथांतील भविष्यकाळात भेटत नाही. अंतराळयान मुंबईहून निघते, परिषद दिल्लीत भरते. वेधशाळेच्या दाराशी उभा असलेला पहारेकरीही प्रमाण मराठीतच विचार करतो.