रुपयाचा प्रश्न आणि भिवंडीचा माग

बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) चलनतज्ज्ञांचा ग्रंथ म्हणून आपण बाजूला ठेवला. वस्तुतः त्याच्या मुळाशी मजुरीचा प्रश्न आहे. रुपया घसरला की भाव चढतात, मजुरी मागे राहते. निर्यातदाराचा वाढीव नफा परदेशातून नव्हे, मजुराच्या ताटातून येतो, असे त्यांनी दाखविले. भिवंडीच्या यंत्रमागावर हेच काम उधारी करते. व्यापारी सूत देतो, कारखानदार जॉबवर कापड विणून देतो. बिल थकले की कात्री कामगाराच्या मीटरमागच्या दराला लागते. नोव्हेंबर २०१६च्या नोटाबंदीत रोकड आटली, माग थांबले, कामगार गावी परतले. उधारीची ही साखळी ग्रंथात येत नाही. ती मांडणे हे आता आपले काम आहे. ग्रंथपूजेने मजुरी वाढत नाही.